आधी देऊळ, मग बाजार: कोचीत बोटीने उतरणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत क्रूझच्या जाहिराती वाढतात आणि मुंबईहून दक्षिणेकडे निघणाऱ्या बोटींच्या यादीत कोचीचे नाव बहुतेक वेळा असतेच. 'कोची : प्राचीन मंदिरे, मसाल्यांचा बाजार, चिनी जाळी' अशी एक ओळ आणि खाली छायाचित्र, एवढ्यावर ही माहिती संपते. त्या एका दिवसाची आखणीही ठरावीक असते. सकाळी फोर्ट कोचीत जाळ्यांपाशी फोटो, मग चर्च, मग बाजार, मग जेवण, आणि शेवटी अडीच-तीनच्या सुमारास देऊळ. या वेळेला केरळातले देऊळ बंद असते. माणसे कडीकोयंडा लावलेल्या दारासमोर उभी राहतात, बाहेरूनच हात जोडतात आणि बसमध्ये येऊन बसतात. बहुतेकांची ती तिथली पहिलीच खेप असते, आणि अनेक ज्येष्ठांची शेवटचीही. केवळ क्रम उलटा लावल्यामुळे त्यांचे दर्शन हुकते. आपल्या वृत्तपत्रातून हे वाचकांपर्यंत आणि सहली काढणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र.

पहिल्यांदा देवळाचे घड्याळ समजून घ्यायला हवे. आपल्याकडे पंढरपूर किंवा सिद्धिविनायक म्हटले की दिवसभर रांग चालू, अशी सवय असते. केरळात तसे नाही. देऊळ पहाटे चार-पाचला उघडते, निर्माल्यदर्शन होते, मग अभिषेक, सकाळची पूजा, देवाची मूर्ती डोक्यावर घेऊन काढलेली फेरी म्हणजे शीवेली, आणि शेवटी उच्चपूजा, म्हणजे मध्यान्हीचा नैवेद्य. तो झाला की दार मिटते. देऊळ कोणते आणि वार कोणता यावर ही वेळ ठरते, पण साधारण अकरा ते साडेबाराच्या दरम्यान सगळीकडे सामसूम होते. पुन्हा दार उघडते ते संध्याकाळी चार-पाचला, दिवेलागणीला दीपाराधना होते आणि आठच्या सुमारास रात्रीची पूजा आटोपून बंद. गाभाऱ्यासमोरच्या जागेला तिकडे 'नडा' म्हणतात. 'नडा अडच्चू' म्हणजे दार मिटले, आणि 'नडा तुरन्नो?' म्हणजे उघडले का? हे दोन शब्द रिक्षावाल्याशी बोलताना फार उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट अशी, की देऊळ उघडे असले तरी पूजेच्या वेळी गाभाऱ्याचे दार दहा-वीस मिनिटे लावून घेतात. हातात अर्धाच तास असलेल्या माणसाचा निम्मा वेळ तिथेच जातो. म्हणून देवळासाठी किमान एक तास धरावा आणि साडेदहाच्या आत आत पोहोचावे.

आता बोटीचे घड्याळ. बोट आठला धक्क्याला लागणार असे लिहिले असेल तर आठला उतरायला मिळत नाही. बंदराची परवानगी, शिडी लावणे, आधी कंपनीच्या सहलीवाल्यांना सोडणे यात पाऊण ते एक तास जातो. तेवढ्यात वरच्या मजल्यावर न्याहारीसाठी गर्दी होते, आणि ज्यांनी आठला ताट वाढून घेतले ते दहाला फाटकाबाहेर येतात. देऊळ पाहायचे असेल त्यांनी न्याहारी सातला उरकून, ओळखपत्र आणि बोटीचे कार्ड खिशात घालून जिन्यापाशी थांबावे. परतीची वेळही नीट वाचावी. सहा लिहिले असेल तर ती बोट सुटण्याची वेळ असते. प्रवाशांनी चढायची वेळ त्याच्या अर्धा तास ते एक तास आधी असते आणि ती खोलीत येणाऱ्या दिवसाच्या पत्रकावर छापलेली असते. तेच पत्रक खरे मानायचे. बोट मालदीवहून येत असेल तर एक वेगळाच घोळ होतो. मालेचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. फोन कोचीत आल्याबरोबर आपोआप भारतीय वेळ दाखवतो, बोटीचे घड्याळ बदलले असेलच असे नाही. उतरताना जिन्यापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला एकदा विचारून घ्यावे आणि साधे मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावावे.

बोट दुपारी बाराला लागून रात्री नऊ-दहाला सुटणार असेल तर हाच क्रम फिरवायचा. आधी बाजार, मग पाच वाजता देऊळ आणि जमले तर दीपाराधना. ओळीने पेटवलेल्या दिव्यांच्या उजेडात, विजेचे दिवे मंद करून होणारी ही आरती सकाळच्या दर्शनापेक्षाही मनात राहते. ज्यांच्या बोटीची वेळ अशी आहे ते नशीबवान.

कोचीत क्रूझ बोटी विलिंग्डन बेटावर लागतात. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली खाडीतला गाळ उपसून भराव घातला गेला आणि त्यातून हे बेट तयार झाले. बेटाच्या पूर्वेला एर्नाकुलम, पश्चिमेला मट्टनचेरी. दोन्ही काठ डेकवरून हाकेच्या अंतरावर दिसतात आणि तिथेच फसगत होते. रस्त्याने जायचे तर पुलाला वळसा पडतो. पूर्वेला वेंडुरुत्ती पूल, पश्चिमेला थोप्पुंपडीकडचे पूल. मोकळ्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटे, संध्याकाळी चारनंतर त्याच्या दुप्पट. म्हणून आमचे ठाम मत असे, की हातात आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर एकच काठ निवडावा. एर्नाकुलमची बाजू निवडली तर दरबार हॉल मैदानाला लागून असलेले एर्नाकुलतप्पनचे, म्हणजे शंकराचे, पश्चिमेकडे तोंड असलेले देऊळ आणि तिथून जवळच ब्रॉडवेचा बाजार. मट्टनचेरीची बाजू निवडली तर चेरलाईचे तिरुमल देवस्थान, गुजराती रस्त्यावरचे धर्मनाथाचे जैन मंदिर, राजवाडा आणि ज्यू टाउन, हे सगळे एकमेकांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत. दोन्ही काठ एका दिवसात 'करून' टाकायच्या हट्टात बराच वेळ गाडीत जातो. आमची पसंती मट्टनचेरीला. मराठी माणसाला तर तिथे जास्तच रमायला होईल.

त्याला कारण आहे. चेरलाईचे देऊळ गौड सारस्वतांचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कुटुंबे किनाऱ्याने खाली सरकत कोचीपर्यंत पोहोचली. त्यांचा देव व्यंकटेश, आणि घरातली भाषा आजही कोकणी. देवळाच्या आवारात कान देऊन उभे राहिले तर मल्याळमच्या गजरात ओळखीचे शब्द येऊ लागतात. या लोकांचे एक काम तर आपल्या प्रत्येक शाळेत सांगावे असे आहे. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य त्या कामात होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र कोकणीत आणि नागरी लिपीत आहे, आणि ते ग्रंथात तसेच छापले आहे. कोचीच्या या गल्ल्यांतून आपली लिपी साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपच्या छापखान्यात गेली. सहलीबरोबर जाणाऱ्या मार्गदर्शकांकडून हे फारसे ऐकायला मिळत नाही.

पोशाखाबद्दल मात्र सगळेच बोलतात, पण अर्धवट. 'सभ्य कपडे घाला' हे पुरेसे नाही. केरळातल्या बहुतेक देवळांत पुरुषाने सदरा आणि बनियन दोन्ही उतरवून आत जायचे असते, आणि अनेक ठिकाणी खाली पँटऐवजी मुंडू लागतो. मुंडू म्हणजे पांढरे, काठाचे वस्त्र. एकेरी साधारण दोन मीटर, दुहेरी चार मीटर. दुहेरीच घ्यावा, कारण एकेरीतून आरपार दिसते. घरचे धोतर असेल तर तेही चालते, फक्त कासोटा न घालता लुंगीसारखे गुंडाळायचे. सवय नसलेल्यांनी आतून हाफ पँट आणि वरून साधा पट्टा बांधावा. कमरेला चिकटणारी पट्टी शिवलेले तयार मुंडूही मिळतात, ज्येष्ठांना ते बरे. रस्त्यावर लोक मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडून घेतात. देवळात शिरताना तो सोडून घोट्यापर्यंत खाली आणायचा. दुमडलेल्या मुंडूने देवासमोर उभे राहणे तिकडे उद्धटपणाचे मानतात, आणि नवख्या माणसाकडून नेमकी हीच चूक होते. स्त्रियांना साडी उत्तम. ओढणी घेतलेला सलवार-कुर्ता बऱ्याच ठिकाणी चालतो, जीन्स आणि लेगिंग्जना हटकतात. उतरवलेला सदरा, फोन, पाकीट ठेवायला खांद्याला अडकवायची कापडी पिशवी असावी. फोन आत बंद. फोटो नाहीत, चोरूनही नाहीत.

बऱ्याच देवळांत फक्त हिंदूंना प्रवेश असतो आणि तसा फलक दाराशी असतो. गटात वेगळ्या धर्माचे मित्र असतील तर ही गोष्ट आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. दारात पोहोचल्यावर कळले तर सगळ्यांचाच विरस होतो. जैन मंदिर त्या वेळी कामी येते. पांढऱ्या संगमरवराचे ते देखणे मंदिर आहे, आणि दुपारी बाराच्या सुमारास तिथे कबुतरांना दाणे टाकतात.

आत गेल्यावर काय करायचे, हे जरा सविस्तर लिहितो, कारण संकोचामुळे माणसे कोपऱ्यात उभी राहून परत येतात. पूजा किंवा अर्चना करायची तर पुजाऱ्याच्या हातात पैसे देण्याची पद्धत नाही. दाराजवळ 'वळिपाडु'ची खिडकी असते, तिथे दरपत्रक लावलेले असते. पावती करताना तुमचे नाव आणि जन्मनक्षत्र विचारतात. गोत्र नाही, नक्षत्र. इथे आपल्या माणसांची पंचाईत होते, कारण बऱ्याच जणांना रास माहीत असते, नक्षत्र नसते. घरून निघतानाच कुटुंबातल्या प्रत्येकाचे नक्षत्र चिठ्ठीवर लिहून न्यावे. तिकडे नक्षत्रांची नावे थोडी वेगळी आहेत. मृगाला मकयिरम्, आर्द्राला तिरुवातिरा, पुष्याला पूयम्, हस्ताला अत्तम्, स्वातीला चोती, ज्येष्ठाला तृक्केट्टा, श्रवणाला तिरुवोणम्, शततारकेला चतयम्. अश्विनी, भरणी, रोहिणी, चित्रा, विशाखा, मूळ, रेवती ही सहज ओळखू येतात. पावती घेऊन नड्याशी उभे राहायचे. पुजारी गाभाऱ्यातून येऊन केळीच्या पानाच्या तुकड्यावर चंदन, फूल ठेवतात आणि ते वरून तुमच्या ओंजळीत सोडतात. हात पुढे करून घ्यायला जाऊ नका. त्यांना स्पर्श झाला तर पुन्हा स्नान करावे लागते. दक्षिणा द्यायचीच असेल तर तीही समोर ठेवायची, हातात द्यायची नाही.

प्रदक्षिणा घालताना खाली पाहून चाला. गाभाऱ्याभोवती जमिनीत बसवलेले छोटे दगड दिसतात, त्यांना बलिक्कल्लू म्हणतात. रोजच्या शीवेलीत त्यांच्यावर बळी, म्हणजे भाताचा नैवेद्य ठेवतात. त्यांच्यावर पाय पडता कामा नये, आणि मुद्दाम वाकून हात लावून नमस्कार करणेही तिथे मान्य नाही. आपल्याकडे दिसेल त्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावायची सवय असल्याने हे मुद्दाम लिहिले. शंकराच्या देवळात पूर्ण फेरी नाही. अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते ओलांडायचे नाही, तिथून मागे फिरायचे. आपली सोमसूत्री प्रदक्षिणा तीच ही. अकरानंतर आवारातली फरशी तापते आणि चपला बाहेर असतात. लहान मुले आणि मधुमेही यांनी सावलीच्या बाजूनेच फिरावे. सकाळी जाण्याचे हे आणखी एक कारण.

नोव्हेंबरच्या मध्यापासून एक्केचाळीस दिवस मंडलकाळ, म्हणजे अय्यप्पाच्या व्रताचा काळ असतो आणि पुढे मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाची यात्रा चालते. काळी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू एर्नाकुलमच्या देवळांत मोठ्या संख्येने येतात. क्रूझचा हंगामही नेमका तोच. या दिवसांत एर्नाकुलतप्पनला एक तास पुरत नाही, दीड धरा. ग्रहणाच्या काळात बहुतेक देवळे बंद असतात. केरळात अधूनमधून हरताळही होतो. त्या दिवशी दुकाने आणि रिक्षा बंद असतात. अशा वेळी कंपनीच्या बसशिवाय बाहेर पडू नये.

वारांचा हिशेब तर जहाज ठरवतानाच करायला हवा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचे 'परदेशी' या नावाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, शुक्रवार-शनिवार बंद, शिवाय त्यांच्या सणांना बंद. म्हणजे शुक्रवारी कोचीत लागणाऱ्या बोटीवरच्या माणसाला यातले काहीच आतून पाहता येत नाही. रविवारी ही दोन्ही उघडी, पण मसाल्याच्या घाऊक पेढ्या बंद. सोमवार ते गुरुवार हे दिवस सगळ्यात सोयीचे. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ मध्ये कोचीच्या राजाला बांधून दिला, डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून साधा वाडा वाटतो. आत राजाच्या शेजघराच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे, गेरू, पिवळा आणि हिरवा असे मातीचे-झाडपाल्याचे रंग. तासभर द्या, पंख्याखाली उभे राहून एकेक भिंत पाहा. दुपारी बारा ते दोन या उन्हाच्या वेळेला यापेक्षा चांगली जागा नाही. तिथून पाच मिनिटांवर १५६८ चे सिनेगॉग. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत, चपला बाहेर. एक ते तीन ते मिटलेले असते, हे लक्षात ठेवूनच राजवाडा आधी की नंतर ते ठरवा.

आता बाजार. ज्यू टाउनच्या रस्त्यावर मसाल्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येतो, आणि तिथेच माणूस भुलतो. दर्शनी दुकानांत वेताच्या टोपल्या, सेलोफेनमध्ये बांधलेले 'दहा मसाले' आणि वेलची-लवंगांच्या माळा लटकलेल्या असतात. त्या शोभेच्या वस्तू आहेत. उजेडात आणि दमट हवेत लटकून त्यांतले तेल उडालेले असते. स्वयंपाकासाठी घ्यायचे ते पोत्यातले, समोर तोलून घेतलेले, आणि अख्खे. दळलेले काहीही घेऊ नका.

मिरीपासून सुरुवात करू, कारण या बंदराचा इतिहासच मिरीवर उभा आहे. दुकानदार 'तेलिचेरी' म्हणेल. तो गावाचा नव्हे, आकाराचा दर्जा आहे. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारे दाणे सगळ्यात मोठे, त्याखालचा दर्जा ४.२५ मिलिमीटरचा. 'गार्बल्ड' म्हणजे देठ, काड्या, माती काढून साफ केलेली. मोठा दाणा दिसायला छान, पण रोजच्या वापराला त्याहून लहान, भरीव मलबार मिरी तितकीच चांगली आणि स्वस्त. भरीवपणा वजनावरून कळतो. व्यापारी मिरीचा भाव लिटरच्या वजनावर ठरवतात, आणि लिटरच्या मापात ५५० ग्रॅम भरली तर माल चांगला. तुम्ही माप नेणार नाही, पण पेलाभर पाणी मागू शकता. चमचाभर मिरी त्यात टाका. भरीव दाणा बुडतो, पोकळ दाणा आणि पपईची बी तरंगते. पपईची बी लांबट, हिरवट-तपकिरी असते, मिरी गोल आणि सुरकुतलेली. फार चकाकणारी मिरी तळहातावर चोळून हुंगा. रॉकेलसारखा वास आला तर तेलाचा हात फिरवलेला आहे, ती सोडा.

वेलदोडा हिरवा दिसतो म्हणून ताजा असे समजू नये. ओल्या रुमालात चोळून रुमाल हिरवा झाला तर रंग लावलेला. एक वेलदोडा फोडा. दाणे काळे आणि चिकट असतील तर नवा माल, तपकिरी आणि सुटे असतील तर जुना. फुटक्या तोंडाचे वेलदोडे स्वस्त मिळतात, त्यांचा वास दोन महिन्यांत जातो. व्यासाने सात मिलिमीटर आणि वरचे ते पहिल्या प्रतीचे, सहाचे दुसऱ्या, पाचचे तिसऱ्या. मसालेभाताला, खिरीला सहाचे पुरेसे. लवंगेचे डोके शाबूत हवे, आणि देठ नखाने दाबला की तेल दिसायला हवे. तेल काढून घेतलेली लवंग कोरडी, सुरकुतलेली आणि हलकी असते. दालचिनीत तर सरसकट गोंधळ आहे. जाड, एकाच थराची, कडक साल म्हणजे कॅसिया. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी असते आणि बोटांनी चुरली जाते. दोन्ही खाण्याजोग्या आहेत, पण एकीच्या भावात दुसरी घेऊ नका. जायफळ कवचासकट घ्या, हलवून वाजले की आत वाळलेले आहे. जायपत्री लालभडक असेल तर शंका घ्या. वाळल्यावर ती केशरी-पिवळसर होते.

चौघांच्या घराला पाव किलो मिरी, शंभर ग्रॅम वेलदोडे आणि पन्नास ग्रॅम लवंग सहा महिने पुरते. त्याहून जास्त घेऊन नातेवाइकांत वाटायचे असेल तर बंद पाकिटे घ्यावीत, आणि त्यांवर निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. एवढे पाहिले की निम्मी फसवणूक टळते.

ज्यू टाउनमध्ये जुन्या वस्तूंची मोठी दुकाने आहेत. पितळी दिवे, लाकडी खांब, पेटारे. 'दोनशे वर्षांचा' म्हणून दाखवलेला दिवा बहुतेक वेळा नवा, पण काळवंडलेला असतो. आणि तो खरोखर दोनशे वर्षांचा असेल तर अडचण मोठी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुढचे बंदर कोलंबो किंवा माले असेल तर कस्टममध्ये उत्तर द्यावे लागेल. निलविळक्कू, म्हणजे उभी समई, नवीच घ्या, पावती घ्या, आणि तिचे भाग उघडून वेगवेगळे कागदात गुंडाळून मागा.

बोटीवर परत चढताना क्ष-किरण तपासणी असते, आणि तिथे देवळातल्या वस्तू आधी अडकतात. ताजी फुले, नारळ, फळे, डब्यातले पायसम (खीर) यांना बहुतेक बोटींवर मनाई असते. पायसम देवळाबाहेर बसून खाऊन टाका. चंदन कोरडे करून पुडीत ठेवा. बंद मसाले साधारणपणे सोडतात. बाजारात घेतलेली सुरी, विळी, कोयता काढून घेतात आणि सफर संपताना परत देतात. उदबत्ती आणि दिवा खोलीत पेटवू नये, धुराची घंटा वाजते.

जाण्यायेण्याचे वाहन ठरवताना फाटकाबाहेर पडूनच ठरवा, आणि 'थांबून परत आणायचे किती' असा पूर्ण भाव आधी बोला. अगदी स्वस्तात फिरवतो म्हणणारी रिक्षा दोन-तीन मोठ्या दालनांत थांबते, आणि देवळाची वेळ तिथेच जाते. 'आधी देऊळ, दुकान नाही' हे निघतानाच सांगा. आपली बोट कोणत्या धक्क्याला आहे ते कागदावर लिहून घ्या, एर्नाकुलम व्हार्फ की बीटीपी (बोट ट्रेन पिअर). 'पोर्ट' एवढेच सांगितले तर चालक भलत्याच फाटकाशी सोडतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत धावपळ होते. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ओळखपत्र पाहतात, मूळ प्रत जवळ हवी. बोटीवर चढायच्या वेळेआधी दीड तास मट्टनचेरीहून निघा. तासभर रस्त्याला, अर्धा तास फाटक आणि तपासणीला. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. पत्रकावर बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिसचे चर्च, जिथे १५२४ साली कोचीत वारलेल्या वास्को द गामाला पुरले होते, ही ठिकाणे दुपारी तीननंतर, वेळ उरला तर पाहावीत. ती उघड्यावर आहेत किंवा उशिरापर्यंत खुली असतात. त्यांच्यासाठी देऊळ हुकवण्याचे कारण नाही.

सहली आखणाऱ्यांना आमची विनंती आहे. कोचीच्या दिवसाच्या पत्रकात देवळाची उघडण्या-मिटण्याची वेळ, राजवाड्याचा आणि सिनेगॉगचा बंद वार, पुरुषांना मुंडू लागेल ही सूचना आणि नक्षत्राची चिठ्ठी आणण्याचा उल्लेख, या चार ओळी छापाव्यात. शुक्रवारी कोचीत लागणाऱ्या सफरीच्या जाहिरातीत तसे स्पष्ट लिहावे. आणि आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत पुढच्या वेळी कोचीचे छायाचित्र छापताना त्याखाली देवळाची वेळही द्यावी.

आपले नम्र,
सहल-नियोजनाच्या कामातले काही वाचक